पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी

नामशेष होत चाललेल्या प्राण्यांची पिंजऱ्यात वीण करायची आणि पिढी तयार झाली की तिला पुन्हा रानात सोडायचं, हा विषय बीडच्या वाचकासमोर ठेवला की तो पहिल्यांदा विचारणार, असं केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे कुठे? नाही. गिधाडांची पैदास हरियाणात पिंजोरला होते, माळढोकांची राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात. आपल्याकडे पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली जाहीर झालेलं, जेमतेम ३० चौरस किलोमीटरचं. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याने उभं केलेलं ‘सर्पराज्ञी’ हे जखमी वन्यजीवांचं केंद्र आहे. दुर्मीळ प्राण्यांच्या पैदाशीचा कार्यक्रम यांपैकी कुठेच चालत नाही. तरीही हे पुस्तक बीडमध्ये, त्यातही आष्टी, पाटोदा, शिरूरच्या माळावर राहणाऱ्या माणसांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. ते का, हे सांगण्यात ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

जंगली जनावर धरून बांधून ठेवणं माणसाला फार पूर्वीपासून जमतं. बंदिवासात त्याची वीण होणं मात्र सहसा जमत नाही. अकबराच्या पदरी शिकारीसाठी शेकड्यांनी चित्ते होते. एवढ्या चित्त्यांत पिल्लं झाल्याची एकच घटना जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे, आणि तीही नवल म्हणून. पुढे आपल्या कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. पाळलेला चित्ता मेला की त्याच्या जागी रानातला दुसरा धरायचा, हा क्रम कित्येक पिढ्या चालला. शिकार आणि मोडत गेलेली माळरानं ही कारणं होतीच, त्यांत या धरपकडीची भर पडली. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पशुवैद्यक पुढे गेलं, प्राणिसंग्रहालयांची दृष्टी बदलली आणि बंदिस्त पैदाशीला वेगळा अर्थ आला. अरबस्तानातला ओरिक्स हा पांढरा, लांब शिंगांचा प्राणी रानातून जवळजवळ संपला होता. त्याचा छोटा कळप १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जमवला गेला, वाढवला गेला आणि १९८२ मध्ये त्याचे वंशज ओमानच्या वाळवंटात सुटे झाले. जगभर या यशाचे दाखले दिले गेले. १९९६ पर्यंत ओमानमध्ये ४५० ओरिक्स झाले होते. मग चोरटी शिकार सुरू झाली आणि ते ६५ वर आले. तेलाच्या शोधासाठी सरकारने तिथल्या ओरिक्स अभयारण्याचं ९० टक्के क्षेत्र कमी करायचं ठरवलं आणि २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतून वगळलं गेलेलं पहिलं ठिकाण म्हणून त्याची नोंद झाली. तिथल्या पैदाशीत कसलीच चूक नव्हती. जनावरं धडधाकट होती, कळप वाढत होता. बाहेरचं जग त्यांना सांभाळू शकलं नाही.

प्राणी ज्या कारणाने संपत आला ते कारण आधी दूर करा, मगच त्याला परत सोडा, ही आययूसीएन या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतली मूळ अट आहे. वाचायला साधी वाटते, पण ती पाळायची कुणी? पिंजोरच्या शास्त्रज्ञाने? तो अंडं उबवेल, पिल्लू वाढवेल. कारण दूर करणं त्याच्या हातात नाही. ते पसरलेलं असतं शेतात, गोठ्यात, विजेच्या तारांत, ग्रामपंचायतीच्या ठरावांत. म्हणून माझ्या मते या विषयातला अवघड अर्धा भाग बीडसारख्या जिल्ह्यांच्या वाट्याला येतो.

गिधाडांचं उदाहरण घेऊ. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या, हे आज साठीच्या पुढे असलेल्या कुणालाही आठवत असेल. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं, की गिधाडं माना टाकून बसतात आणि झाडावरून मरून पडतात. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. लांब चोचीची शंभरातली सत्त्याण्णव गेली. आधी रोगाचा संशय होता. खरं कारण पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांना सापडलं आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालं: डायक्लोफिनॅक. जनावराला हे वेदनाशामक दिलं आणि ते थोड्याच दिवसांत मेलं, तर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. युरिक आम्ल काळजा-यकृतावर पांढऱ्या थरासारखं साचतं आणि पक्षी मरतो. मेलेल्या जनावरांपैकी शेकडा एकापेक्षाही कमी जनावरांत औषध असलं तरी एवढा संहार होऊ शकतो, असं गणित अभ्यासकांनी मांडलं आहे.

हे सगळं आता बीडच्या बैलाजवळ आणून पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ज्यांच्याकडे बैलगाडी आहे त्यांची जोडी फडातून कारखान्यापर्यंत दिवसरात्र ऊस ओढते. जू घासून खांदा सुजतो, उतारावर पाय मुरगळतो, बैल लंगडू लागतो. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. बैल बसला तर ती फिटायची कशी? त्याच संध्याकाळी कुणाला तरी बोलावून सुई टोचली जाते. सकाळी बैल उभा राहिला तर गाडी जुंपली जाते. राहिला नाही आणि दोन दिवसांत मेला, तर ती सुई त्याच्या अंगात तशीच असते. यात गाडीवानाचा काडीचाही दोष मला दिसत नाही. दुखणाऱ्या जनावराचं दुखणं थांबवण्यासाठी त्याने आपल्या मजुरीतले पैसे मोडलेले असतात. प्रश्न सुईत काय भरलं होतं एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर औषधाच्या दुकानापासून मंत्रालयापर्यंत अनेकांनी द्यायचं आहे.

सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बंद करून ३ मिलिलीटरची एकाच मात्रेची कुपी सक्तीची झाली. तोवर केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांचाही वापर वाढला होता; तीही गिधाडांना घातकच. त्यांच्यावर जनावरांसाठी बंदी आली २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे, जनावराच्या सुजेवर चालतं आणि सहज मिळतं. गिधाडांच्या परत येण्याची वाट मोकळी करायला एवढी एक गोष्ट माहीत असणं फार मोलाचं आहे, आणि ती आपल्या गावोगावच्या पशुपालकांपर्यंत अजून नीट पोहोचलेली नाही.

पिंजोरचं काम किती चिकाटीचं आहे ते तपशिलात गेल्याशिवाय कळत नाही. २००१ मध्ये आजारी गिधाडांच्या शुश्रूषेसाठी सुरू झालेलं हे ठिकाण पुढे पैदास केंद्र झालं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. ते फुटलं किंवा पिल्लू गेलं की ते वर्ष वाया. म्हणून काही जोड्यांचं पहिलं अंडं अलगद काढून उबवणयंत्रात ठेवतात. जोडीला वाटतं अंडं गेलं, ती दुसरं घालते आणि त्या वर्षी एकाऐवजी दोन पिल्लं हाताला लागतात. पक्षी वयात यायला पाचेक वर्षं जातात. त्यांना खायला बकऱ्याचं मांस देतात, पण विकत आणलेलं बकरं लगेच कापत नाहीत. अंगात औषधाचा अंश असलाच तर तो निघून जावा म्हणून ते काही दिवस केंद्रात राखलं जातं. ज्या विषामुळे हे केंद्र काढावं लागलं, त्याची धास्ती केंद्राच्या आतही अशी रोज बाळगावी लागते.

या केंद्रातले पक्षी आपल्या राज्यात आले जानेवारी २०२४ मध्ये. एकंदर २० होते. १० पांढऱ्या पाठीचे ताडोब्यात, १० लांब चोचीचे पेंचमध्ये. त्यांना मोठ्या जाळीदार पक्षिगृहात काही महिने ठेवलं गेलं. आतून त्यांना तिथलं आभाळ दिसत होतं, तिथला वारा अंगावर येत होता. मग पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं बांधून त्यांना मोकळं केलं. २०२५ मध्ये दुसरी खेप आली आणि मेळघाटही या कामात सामील झालं. सोडलेल्यांपैकी काही पक्षी दगावले, आणि तशी तयारी मनाशी ठेवूनच हे काम करावं लागतं. ताडोब्यातला एक पक्षी मात्र राज्यामागून राज्य ओलांडत तमिळनाडूपर्यंत जाऊन पोहोचला. पिंजऱ्यात वाढलेलं गिधाड एवढा पल्ला मारतं, तर त्याला बीड काय लांब आहे? उद्या ते बालाघाटच्या कड्यावर उतरलं आणि खाली एखादा बैल पडलेला असला, तर पिंजोरच्या वीस-बावीस वर्षांच्या मेहनतीचं काय होणार, हे त्या बैलाला शेवटची सुई कोणती दिली होती त्यावर ठरेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडाच्या बाबतीत हेच चालू आहे. १९८७ मध्ये जगात फक्त २७ कॉन्डॉर उरले होते, सगळे पिंजऱ्यात. आज ते पुन्हा उडतात, पण शिकाऱ्यांच्या गोळीतलं शिसं मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जातंच आहे, आणि शिशाची बाधा झालेल्या पक्ष्यांना धरून त्यांच्यावर उपचार करावे लागतात.

माळढोकाची गोष्ट आपल्या आणखी जवळची. आष्टीच्या पलीकडे कर्जत, श्रीगोंदा, करमाळा या भागांत आणि खाली सोलापूरजवळ नान्नजला हा पुरुषभर पंख पसरणारा, १५ किलोपर्यंत वजनाचा पक्षी होता. नान्नजच्या माळढोकांकडे लोकांचं लक्ष वेधलं ते सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. एवढ्या क्षेत्रात शेकडो गावं होती, खासगी शेतं होती, बाजारपेठा होत्या. जमिनीच्या व्यवहारांवर, विहिरींवर, रस्त्यांवर बंधनं आली आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी कडवटपणा साचत गेला. ज्याच्या बांधावर पक्षी येतो त्या शेतकऱ्याला विश्वासात न घेता नकाशावर रेषा ओढणं, ही माझ्या मते त्या योजनेची सर्वांत महागात पडलेली बाब. २०१२ मध्ये अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोपर्यंत पक्षी हातातून निसटत चालला होता. आज महाराष्ट्रात एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

देशात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक राजस्थानच्या थर वाळवंटात आहेत आणि त्यांची संख्या दीडशेच्या आसपास धरली जाते. २०१९ पासून तिथली काही अंडी उचलून जैसलमेर जिल्ह्यात सम इथल्या केंद्रात उबवली गेली. भारतीय वन्यजीव संस्था आणि राजस्थानचा वनविभाग हे काम करतात आणि अबू धाबीच्या हुबारा संवर्धन निधीच्या तज्ज्ञांचं त्यांना मार्गदर्शन आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. त्या एका पिल्लासाठी नराला कित्येक महिने कृत्रिम मादीजवळ येण्याची सवय लावावी लागली होती. माणसाच्या हातावर वाढलेल्या या पहिल्या पिढीला रानात सोडता येणार नाही. तिची पिल्लं माणसापासून दूर, रानाच्या रीतीने वाढवायची आणि ती सोडायची, असा पुढचा बेत आहे.

सोडायची कुठे? माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला एक अंडं घालते आणि सुमारे २७ दिवस त्यावर बसते. तिला लांबपर्यंत दिसणारा, झाडोरा नसलेला माळ लागतो. नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरं, ज्वारी, भुईमूग असं सगळं ती खाते. म्हणजे आपल्याकडची जुनी कोरडवाहू शेती आणि तिच्या कडेचं गवत हेच तिचं घर होतं. सरकारी कागदावर या जमिनीला पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी केलं पाहिजे असं सर्वांनाच वाटतं. कुणी गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावतं, कुणी चर खणतं, आणि आता गायरानावर सौर प्रकल्प येत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हे मलाही हवं आहे. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराईची झाडं वाढवणाऱ्या आणि २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरवणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. पण झाड लावायची जागा आणि गवत राखायची जागा या दोन वेगळ्या आहेत, एवढं ओळखलं गेलं पाहिजे. आपल्या आजोबांना ते कळत होतं. कुरण राखणं हा शब्दप्रयोगच त्यातून आला. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या गवताच्या तुकड्यांवर नान्नजचे माळढोक वीण करत होते, हे विसरून चालणार नाही.

आणि तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचं त्याला कमी दिसतं; जड शरीराने ऐनवेळी वळताही येत नाही. थरमध्ये वर्षाला सुमारे १८ माळढोक विजेच्या तारांमुळे मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. दीडशेत १८. बालाघाटच्या पठारावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या आणि त्यांच्या वाहिन्या पाहिल्या की हा आकडा आठवावा. माळढोक इथे नाही म्हणून तारांचा प्रश्न नाही, असं म्हणता येणार नाही. आज आखलेली वाहिनी पुढची तीस-चाळीस वर्षं तिथेच राहते.

यातलं काही आपल्या जिल्ह्यात नेहमी घडतं, ते हरणाच्या पाडसाच्या बाबतीत. उन्हाळ्यात किंवा काढणीच्या दिवसांत कुणाला तरी शेतात, बांधाच्या गवतात एकटं पाडस दिसतं. हलत नाही, ओरडत नाही, मान जमिनीला टेकून पडलेलं. माणसाला कणव येते आणि तो ते उचलून घरी आणतो. खरं तर काळविटाची किंवा चिंकाऱ्याची मादी पाडसाला असंच लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. न हलणं हेच त्याचं संरक्षण असतं. घरी आणलेलं पाडस बाटलीने शेळीचं दूध पितं, पोरांच्या मागे धावतं, दारातल्या कुत्र्याशेजारी झोपतं. वर्षभरात ते मोठं होतं. मादी असली तर कुत्र्याची भीती तिला उरलेली नसते आणि रानात सोडली की पहिल्याच आठवड्यात तिचा फडशा पडू शकतो. नर असला तर त्याहून कठीण. माणसाची भीड चेपलेलं काळवीट वयात आलं की माणसालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगं रोखतं. तागडगावसारख्या केंद्रात विहिरीतून काढलेले, जाळ्यात अडकलेले, वाहनाने उडवलेले असे जीव येतात, तशी ही माणसाळलेली पाडसंही येतात. त्यांना बरं करण्यापेक्षा पुन्हा रानटी करणं जास्त वेळ खातं. हात लावायचा नाही, नावाने हाक मारायची नाही, आपल्या जातीच्या इतर प्राण्यांत मिसळू द्यायचं, मग कुंपण आणि मग माळ. कोट्यवधी रुपयांच्या केंद्रांत शास्त्रज्ञ ज्या अडचणीशी झुंजतात, तीच इथे शिरूर कासारच्या माळावर आहे, आणि मोजक्या साधनांवर ती सोडवणाऱ्या माणसांचं काम जिल्ह्याने अभिमानाने पाहावं असं आहे.

या पुस्तकात अंडी, उबवणयंत्रं, वंशावळी, रक्ताच्या तपासण्या यांविषयी पुष्कळ आहे आणि ते आवडीने वाचण्याजोगं आहे. वाचताना प्रत्येक प्रकरणाला आपल्या गावाची जोड देऊन पाहावी, एवढी विनंती. पाडस दिसलं तर उचलू नका, कुत्री हाकला आणि दूर व्हा. ते जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. शेतातली विहीर उघडी असेल तर तिला कठडा बांधा. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला की तिथे कोणती जनावरं चरतात, कोणते पक्षी अंडी घालतात, हे उभं राहून सांगा. आणि पुढच्या वेळी बैलाला किंवा गाईला सूज उतरण्यासाठी सुई द्यायची वेळ आली, तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमच मागा, कुपी हातात घ्या आणि तिच्यावरचं नाव वाचून खात्री करा.